न काढलेल्या तिकिटाचे बक्षीस आणि आधी मागितलेला ‘कर’ : बनावट लॉटरीचा सापळा ओळखायचा कसा?

नवी दिल्ली : ‘अभिनंदन! आपल्या मोबाइल क्रमांकाला २५ लाख रुपयांची लॉटरी लागली आहे’ या आशयाचा संदेश आज देशातील क्वचितच एखाद्या मोबाइलधारकाला अपरिचित असेल. लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमाचे नाव, प्रसिद्ध अभिनेत्याचे छायाचित्र, बँकेचे बोधचिन्ह, एक ‘लॉटरी क्रमांक’ आणि फक्त व्हॉट्सॲपवरूनच संपर्क साधण्याची सूचना, असा त्याचा साचा ठरलेला आहे. या संदेशांची आता थट्टाही होते. तरीही ते थांबलेले नाहीत, कारण ते पाठविण्याचा खर्च जवळपास शून्य आहे. हजारो लोकांनी दुर्लक्ष केले आणि एखादाच फसला, तरी पाठविणाऱ्याचा व्यवहार फायद्याचा ठरतो.

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार, सायबर माध्यमातून झालेल्या आर्थिक फसवणुकीत नागरिकांनी २०२३ मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये, तर २०२४ मध्ये सुमारे २२,८४५ कोटी रुपये गमावले. एका वर्षात ही रक्कम तिपटीहून अधिक झाली. त्यात बनावट गुंतवणूक योजनांपासून तथाकथित ‘डिजिटल अटके’पर्यंत अनेक प्रकार मोडतात आणि लॉटरी हा त्यांपैकी केवळ एक आहे. परंतु या सर्व प्रकारांमागची मूळ युक्ती लॉटरीच्या फसवणुकीत सर्वांत उघडपणे दिसते : मोठ्या रकमेचे आमिष दाखवायचे आणि ती मिळण्यापूर्वी लहान रक्कम मागायची.

ही फसवणूक ओळखण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. भारतात लॉटरी कोण चालवू शकते, सोडत कशी होते, बक्षिसावरील कर कोण व केव्हा कापतो, एवढी माहिती पुरेशी असते. नेमकी हीच माहिती सर्वसामान्यांपर्यंत पोहोचलेली नाही आणि भामट्यांचा सारा डाव या अज्ञानावर उभा आहे.

लॉटरी चालविण्याचा अधिकार कोणाचा?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील केंद्रसूचीत केंद्र व राज्य सरकारांनी चालविलेल्या लॉटऱ्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्या आधारे संसदेने लॉटरी (विनियमन) कायदा, १९९८ संमत केला आणि त्याचे नियम २०१० मध्ये लागू झाले. या कायद्यानुसार लॉटरी राज्य सरकारच काढू शकते. तिकिटावर राज्याचे नाव व बोधचिन्ह असावे लागते, सोडत राज्य सरकारनेच आणि राज्याच्या हद्दीतच काढावी लागते आणि विक्रीतून आलेली रक्कम राज्याच्या लोकलेख्यात जमा करावी लागते. मुदतीत कोणी दावा न केलेले बक्षीस सरकारजमा होते. आपल्या हद्दीत इतर राज्यांच्या लॉटरीची विक्री रोखण्याचा अधिकारही राज्यांना आहे.

केरळने १९६७ मध्ये सरकारी लॉटरी सुरू केली, तर महाराष्ट्र राज्य लॉटरीची सुरुवात १९६९ मधील आहे. गोवा, पंजाब, पश्चिम बंगाल, सिक्कीम, नागालँड, मिझोराम आदी राज्यांतही सरकारी लॉटरी चालते. याउलट तमिळनाडूने २००३ मध्ये आणि कर्नाटकने २००७ मध्ये लॉटरीवर बंदी घातली. गुजरात, उत्तर प्रदेश, दिल्ली येथेही सरकारी लॉटरी नाही. म्हणजेच बेळगाव, बडोदा किंवा दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला ‘आपल्या राज्याच्या लॉटरीत बक्षीस लागले’ असा निरोप आला, तर राज्याचे नाव वाचताच त्यातील खोटेपणा उघड व्हायला हवा.

खासगी कंपन्यांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. राज्याची नसलेली किंवा राज्य सरकारची परवानगी नसलेली लॉटरी काढण्यासाठी कार्यालय अथवा जागा चालविणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ नुसार गुन्हा आहे. मालाचा खप वाढविण्यासाठी लॉटरी किंवा नशिबावर आधारित स्पर्धा घेणे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येत येते. एखादी दूरसंचार कंपनी, बँक किंवा दूरचित्रवाहिनी देशभरातील मोबाइल क्रमांकांची परस्पर ‘सोडत’ काढते आणि कोणी भाग घेतलेला नसतानाही त्याला २५ लाख रुपये देते, ही कल्पना या कायद्यांच्या चौकटीत बसतच नाही.

ज्या ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमाच्या नावाचा सर्वाधिक गैरवापर होतो, त्यात बक्षीस मिळविण्यासाठी नोंदणी करावी लागते, प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, निवडीचे टप्पे पार करून प्रत्यक्ष कार्यक्रमात बसावे लागते. मोबाइल क्रमांकांच्या सोडतीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्य पडताळणी विभागाने आणि दिल्ली पोलिसांच्या सायबर विभागाने या नावाने फिरणाऱ्या संदेशांबाबत वेळोवेळी इशारे दिले आहेत. यातील अनेक संदेश ‘+९२’ने सुरू होणाऱ्या, म्हणजे पाकिस्तानचा देशसंकेत असलेल्या क्रमांकांवरून आल्याचे दिल्ली पोलिसांनी निदर्शनास आणले होते. भारतीय क्रमांक ‘+९१’ने सुरू होतात, एवढे लक्षात ठेवले तरी अनेक संदेश न उघडताच बाजूला पडतील.

कराच्या नावाखाली लूट

लॉटरीच्या फसवणुकीतील निर्णायक क्षण पैशांच्या पहिल्या मागणीचा असतो. ‘रक्कम मंजूर झाली आहे, केवळ कर भरणे बाकी आहे’, असे सांगितले जाते. कराचा उल्लेख ऐकून समोरच्याचा संशय वाढण्याऐवजी कमी होतो. लॉटरीच्या बक्षिसावर कर लागतो, हे त्याने ऐकलेले असते आणि ते खरेही असते. खोट्या इमारतीत बसविलेली ही एकच खरी वीट असते.

प्रत्यक्षात कायद्याची पद्धत नेमकी उलट आहे. लॉटरीचे बक्षीस १० हजार रुपयांहून अधिक असेल, तर बक्षीस देणाऱ्यानेच त्यातून ३० टक्के प्राप्तिकर कापून सरकारकडे भरायचा असतो. दहा लाखांचे बक्षीस असेल, तर तीन लाख रुपये आधीच वजा होतात आणि उरलेली रक्कम विजेत्याच्या खात्यात येते. काही राज्यांत विक्रेत्याचे कमिशनही बक्षिसातूनच वजा केले जाते. त्यापुढे आणखी काही देणे निघाले, तर ते विवरणपत्र भरताना थेट सरकारकडे भरायचे असते. बक्षीस ‘मोकळे करण्यासाठी’ विजेत्याने कोणाच्या खात्यात रक्कम पाठवावी, अशी तरतूद कोठेही नाही.

मोटारीसारखे बक्षीस वस्तुरूपात असेल, तेव्हा मात्र नियमात थोडा फरक पडतो. अशा वेळी कापून घेण्यासाठी रोख रक्कम नसल्याने, कर भरला गेल्याची खात्री करूनच वस्तू ताब्यात द्यावी, असे बंधन देणाऱ्यावर असते. भामटे या तरतुदीचा आधार घेतात. ‘मोटार लागली आहे, नोंदणी आणि कराचे पैसे भरा’ हा त्यांचा ठरलेला डाव आहे. परंतु तेथेही कर जातो तो चलनाद्वारे सरकारी तिजोरीत. एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात, यूपीआय क्रमांकावर किंवा क्यूआर कोडवर प्राप्तिकर कधीही भरला जात नाही.

वस्तू व सेवा कराचेही तसेच आहे. तो लॉटरीच्या तिकिटावर आकारला जातो, बक्षिसावर नव्हे. त्यामुळे ‘बक्षिसावरील जीएसटी’ या शीर्षकाखाली आलेली पावती, तिच्यावर कितीही शिक्के असले, तरी बनावटच असते. ‘प्रक्रिया शुल्क’, ‘फाइल शुल्क’, ‘चलन रूपांतर शुल्क’, ‘विमा’, ‘ना हरकत प्रमाणपत्र’ ही नावे तर कोणत्याही सरकारी लॉटरीच्या नियमांत सापडणार नाहीत.

लहान रकमेपासून मोठ्या रकमेकडे

फसवणुकीची पुढची वाटचाल बहुतेक प्रकरणांत सारखीच असते. पहिली मागणी काही हजारांची असते. २५ लाखांपुढे ती क्षुल्लक वाटेल, याची काळजी घेतलेली असते. ती पूर्ण होताच दुसरी येते, मग तिसरी. प्रत्येक मागणीबरोबर एक कागद येतो : रिझर्व्ह बँकेचे पत्र, प्राप्तिकर खात्याची पावती, बँक व्यवस्थापकाचे ओळखपत्र, नोटांच्या थप्प्यांची चित्रफीत, कधी बक्षीसधारकाच्याच नावाचा धनादेश. हे सारे मोबाइलवर काही मिनिटांत तयार होते.

आतापर्यंत भरलेली रक्कम याच टप्प्यावर सापळ्याचे काम करू लागते. थांबायचे म्हटले, तर भरलेले पैसे बुडणार. आणखी थोडे भरले, तर कदाचित सर्वच मिळणार, असा पेच उभा राहतो. घरातील दागिने गहाण पडतात, शेजाऱ्यांकडून उसनवार होते, मुदत ठेवी मोडल्या जातात. ‘ही गोष्ट कोणाला सांगू नका, क्रमांक फुटला तर बक्षीस रद्द होईल’ अशी ताकीद सुरुवातीलाच दिलेली असते. वरवर ती सुरक्षेची सूचना वाटते. तिचा खरा उद्देश मुलगा, सून, शेजारी किंवा बँकेतील ओळखीचा कर्मचारी यांपैकी कोणीही वेळेवर सावध करू नये, हा असतो.

पैसे संपल्याचे लक्षात आले की आमिषाची जागा धमकी घेते. ‘कर बुडविल्याबद्दल तुमच्यावर गुन्हा दाखल होईल’, ‘पोलिस घरी येतील’, असे सांगून आणखी काही रक्कम उकळली जाते. काही दिवसांनी दुसराच माणूस ‘सायबर अधिकारी’ किंवा ‘वकील’ म्हणून संपर्क साधतो आणि बुडालेले पैसे मिळवून देण्यासाठी पुन्हा शुल्क मागतो. एकदा फसलेल्यांची यादी या धंद्यात मौल्यवान मानली जाते. त्यामुळे पहिल्या फसवणुकीनंतर आलेल्या ‘मदती’कडे अधिक संशयाने पाहणे आवश्यक ठरते.

पत्र, ई-मेल आणि आता व्हॉट्सॲप

मोठ्या रकमेसाठी आगाऊ शुल्क उकळण्याचा हा प्रकार इंटरनेटपेक्षा जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत ‘स्पॅनिश कैदी’ या नावाने ओळखली जाणारी पत्रे फिरत असत. स्पेनमध्ये अडकलेल्या धनाढ्य कैद्याच्या सुटकेसाठी आज थोडे पैसे द्या, उद्या मोठा वाटा घ्या, असे त्यांत लिहिलेले असे. पुढे नायजेरियातून येणारी पत्रे व ई-मेल त्या देशाच्या फौजदारी कायद्यातील कलमावरून ‘४१९’ म्हणून कुप्रसिद्ध झाले. योगायोग असा, की भारतीय दंड विधानातही तोतयेगिरी करून फसविण्याच्या शिक्षेचे कलम ४१९ हेच होते आणि त्याला लागून येणारे ४२० हे कलम तर मराठी बोलीत ‘चारसोबीस’ म्हणून कायमचे रुजले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे ३१९ आणि ३१८ झाली आहेत. कलमांचे आकडे बदलले, डाव तोच राहिला.

भारतात ई-मेलचा प्रसार झाला, तेव्हा ब्रिटनमधील लॉटरी आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नावाने बक्षिसे ‘लागू’ लागली. त्यावर रिझर्व्ह बँकेने २६ मे २०१० रोजी बँकांना परिपत्रक पाठवून, लॉटरी व तत्सम बनावट योजनांसाठी परदेशी पैसे पाठविण्यास मनाई असल्याचे पुन्हा बजावले. परकीय चलन व्यवस्थापनाच्या २००० मधील नियमांनुसार लॉटरीचे तिकीट घेण्यासाठी भारतातून परदेशी रक्कम पाठविणे प्रतिबंधित आहे. त्यामुळे परदेशी लॉटरीच्या ‘शुल्का’ची मागणी पूर्ण करणारा केवळ पैसेच गमावत नाही, तर स्वतःही कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. सामान्य व्यक्तींची खाती आपण ठेवत नाही आणि बक्षिसांचे वाटपही करत नाही, हे रिझर्व्ह बँकेने अनेकदा स्पष्ट केले आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘बी अवेअर’ या पुस्तिकेतही बँकेने लॉटरीच्या फसवणुकीचा समावेश केला.

आखाती देशांतील सोडतींत तेथे काम करणाऱ्या भारतीयांना मोठी बक्षिसे लागल्याच्या बातम्या अधूनमधून येतात आणि त्या खऱ्या असतात. केरळच्या तिरुओणम बंपरचे पहिले बक्षीस २०२२ पासून २५ कोटी रुपये आहे, हेही खरे आहे. अशा खऱ्या बातम्यांच्या पाठोपाठ खोट्या संदेशांची लाट येते. केरळची लॉटरी केवळ कागदी तिकिटावर चालते, तिची ऑनलाइन विक्री नाही, हे तेथील लॉटरी विभाग सातत्याने सांगत असतानाही, त्या लॉटरीची तिकिटे मोबाइलवर ‘विकणारी’ बनावट ॲप व संकेतस्थळे इतर राज्यांतील लोकांना गळाला लावतात. स्वस्तातले तिकीट घेतल्यानंतर दुसऱ्याच दिवशी लाखांचे बक्षीस ‘लागते’ आणि कराची मागणी सुरू होते. येथे ‘आपण तिकीट काढलेच नव्हते’ हा संशय घेण्यास जागा उरत नाही, म्हणून हा नवा प्रकार जुन्यापेक्षा अधिक घातक आहे.

टपालाने येणारे ‘स्क्रॅच कार्ड’ हा आणखी एक प्रकार आहे. ऑनलाइन खरेदीच्या एखाद्या कंपनीच्या नावाचे पाकीट घरपोच येते. त्यावर नाव, पत्ता आणि अनेकदा पूर्वी घेतलेल्या वस्तूचा तपशीलही अचूक असतो. पत्र खरे असल्याचा तो पुरावा नव्हे. ग्राहकांची माहिती कोठून तरी बाहेर गेल्याचा तो पुरावा असतो. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला असला, तरी आधीच बाजारात गेलेली माहिती परत घेता येत नाही.

फसतो तो केवळ लोभी?

लॉटरीच्या नावाखाली फसलेल्याला समाजाची सहानुभूती क्वचितच मिळते. ‘लोभ नडला’ या दोन शब्दांत विषय संपविला जातो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. कर्जाचा हप्ता थकलेला, घरात आजारपण असलेला किंवा मुलीच्या शिक्षणाच्या चिंतेत असलेला माणूस अशा संदेशाकडे हाव म्हणून पाहत नाही, तर सुटका म्हणून पाहतो. निवृत्त व्यक्तींच्या बाबतीत सरकारी शिक्क्याविषयी आयुष्यभर बाळगलेला आदर आड येतो. नव्याने स्मार्टफोन हाती आलेल्यांना अधिकृत संदेश आणि कोणीही तयार केलेले चित्र यांतील फरक ठाऊक नसतो.

परप्रांतात राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. हिंदी किंवा इंग्रजीतील कागदपत्रांची भाषा पूर्णपणे न कळल्याने त्यांतील चुका ध्यानात येत नाहीत. स्थानिक पोलिस ठाण्यात आपले म्हणणे मांडताना संकोच वाटतो. बँक खाते एका राज्यात आणि वास्तव्य दुसऱ्या राज्यात असते. तक्रार कोठे करायची, या संभ्रमातच पहिले निर्णायक तास निघून जातात.

आणि सर्वांत मोठा अडसर लाजेचा असतो. घरच्यांना कळेल, लोक हसतील, या भीतीने अनेक जण तक्रारच करत नाहीत. तक्रार नाही म्हणजे तपास नाही, खाते गोठविणे नाही आणि त्याच खात्यात पैसे भरणाऱ्या पुढच्या माणसाला इशाराही नाही. फसलेल्याची खिल्ली उडविणारा समाज या अर्थाने नकळत भामट्यांचाच सहायक ठरतो.

पैसे परत मिळणे अवघड का?

अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारे परिपत्रक काढले. त्यानुसार, बँक व ग्राहक या दोघांचाही दोष नसताना त्रयस्थाने खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळविले, तर नुकसान ग्राहकावर पडत नाही. लॉटरीच्या फसवणुकीत मात्र पैसे ग्राहकाने स्वतः, स्वतःचा पिन वापरून पाठविलेले असतात. बँकेच्या दृष्टीने तो अधिकृत व्यवहार असतो. त्यामुळे हे संरक्षण येथे सहसा लागू होत नाही. फसवणुकीच्या बळीला कायद्याने सर्वांत कमी आधार मिळतो, तो नेमका याच ठिकाणी.

शिवाय पैसे एका खात्यात थांबत नाहीत. विद्यार्थी, मजूर, बेरोजगार तरुण यांना थोडे कमिशन देऊन त्यांची बँक खाती वापरायला घेतली जातात. अशा भाडोत्री खात्यांतून रक्कम काही मिनिटांत अनेक ठिकाणी विभागली जाते आणि एटीएममधून काढली जाते. झारखंडातील जामतारा, बिहारमधील नवादा, हरियाणा-राजस्थान सीमेवरील मेवात या भागांची नावे देशभरातील पोलिस तपासांत वारंवार आली आहेत. मात्र खाते एका राज्यातले, सिमकार्ड दुसऱ्या आणि बोलणारा तिसऱ्या राज्यातला, अशी साखळी असल्याने तपास लांबतो. तपास सुरू झाल्यावर पहिली कारवाई ज्याचे खाते त्याच्यावर होते. म्हणूनच ‘तुमचे खाते काही दिवस वापरू द्या’ ही मागणी लॉटरीच्या आमिषाइतकीच धोकादायक आहे. कधीकधी तर फसलेल्या व्यक्तीलाच ‘तुमचे पैसे वळते करण्यासाठी’ इतरांची रक्कम स्वीकारून पुढे पाठविण्यास सांगितले जाते आणि बळी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहण्याची वेळ येते.

ओळखण्याच्या खुणा

काही प्रश्न स्वतःला विचारले, तर बहुतेक बनावट संदेश तेथेच उघडे पडतात.

पहिला प्रश्न तिकिटाचा : राज्याचे नाव असलेले तिकीट अधिकृत विक्रेत्याकडून घेतले होते का? तिकीट नाही, तर बक्षीस नाही. तिकीट असेल, तर त्याचा क्रमांक संबंधित राज्याच्या लॉटरी विभागाने जाहीर केलेल्या निकालाशी स्वतः ताडून पाहावा. सरकारी लॉटरी विजेत्याला शोधत येत नाही. मूळ तिकीट, ओळखपत्र आणि बँकेचा तपशील घेऊन विजेत्यालाच दावा करावा लागतो. केरळमध्ये त्यासाठी ठरावीक मुदत असते.

दुसरा प्रश्न पैशांच्या दिशेचा : पैसे मिळण्यासाठी पैसे मागितले जात आहेत का? उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे काहीही तपासण्याची गरज नाही.

तिसरा प्रश्न खात्याचा : रक्कम कोणाच्या नावावर जाणार आहे? सरकारी खात्याच्या नावाने व्यक्तीच्या खात्यात पैसे मागणे हीच फसवणुकीची कबुली आहे. यूपीआयमध्ये पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे. बक्षीस ‘स्वीकारण्यासाठी’ क्यूआर कोड स्कॅन करा किंवा पिन टाका, असे सांगितले जात असेल, तर खात्यातून पैसे जाणार आहेत, हे निश्चित समजावे.

चौथा प्रश्न घाई आणि गुप्ततेचा : आजच, आत्ताच, कोणाला न सांगता, असा आग्रह आहे का? खऱ्या बक्षिसाला दिवसांची मुदत असते. मिनिटांची मुदत फक्त बनावट बक्षिसाला असते.

याखेरीज संदेशासोबत आलेले ॲप किंवा एपीके फाइल उतरवून घेऊ नये आणि मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसू देणारे ॲप कोणाच्या सांगण्यावरून सुरू करू नये. आधार, पॅन, पासबुकची छायाचित्रे पाठविली, तर पैसे न देताही नुकसान होऊ शकते; त्या कागदपत्रांचा गैरवापर होण्याचा धोका असतो. संदेशात दिलेल्या क्रमांकावर फोन करून त्याच संदेशाची खातरजमा करणे व्यर्थ आहे. चौकशी करायचीच असेल, तर अधिकृत संकेतस्थळावरून वेगळा क्रमांक शोधावा किंवा जवळच्या बँक शाखेत जाऊन विचारावे.

फसवणूक झाली तर

पैसे गेल्याचे ध्यानात येताच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा. नागरिकांच्या आर्थिक फसवणुकीच्या तक्रारींसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली ही यंत्रणा पोलिस, बँका आणि पेमेंट कंपन्यांना एकत्र जोडते. तक्रार नोंदली गेली की रक्कम ज्या खात्यात असेल, तेथे ती रोखण्याची सूचना जाते. पैसे एटीएमबाहेर पडण्यापूर्वी ही सूचना पोहोचली, तरच तिचा उपयोग होतो. म्हणून येथे एकेक मिनिट मोलाचे असते. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, स्वतःच्या बँकेचे नाव आणि पैसे ज्या खात्यावर गेले त्याचा तपशील जवळ ठेवावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावरही तक्रार करता येते. त्याच वेळी आपल्या बँकेलाही लेखी कळवून पोच घ्यावी.

संदेश, बनावट पत्रे, कॉलची नोंद, पावत्या यांपैकी काहीही रागाने किंवा लाजेने पुसून टाकू नये. पुढे तोच पुरावा ठरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, पोलिस ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. त्यामुळे ‘हा आमच्या हद्दीतला विषय नाही’ हे उत्तर परप्रांतात राहणाऱ्याने मुकाट्याने स्वीकारण्याचे कारण नाही. फसवणुकीसाठी न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत, तोतयेगिरीसाठी पाच वर्षांपर्यंत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. पैसे गेलेले नसतील, केवळ संदेश आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर मार्च २०२४ पासून सुरू असलेल्या ‘चक्षू’ सुविधेत तो क्रमांक कळविता येतो.

प्रबोधनाची दिशा बदलण्याची गरज

गेल्या काही वर्षांत बँका आणि सरकारी यंत्रणांनी ‘ओटीपी कोणाला सांगू नका’ हा संदेश घराघरांत पोहोचविला. त्याचा उपयोग झाला. परंतु लॉटरीच्या फसवणुकीत ओटीपी मागण्याची वेळच येत नाही. येथे माणूस पैसे चोरू देत नाही, तर स्वतः नेऊन देतो, कारण समोरच्याने सांगितलेली कार्यपद्धती त्याला खरी वाटते. या प्रकाराला रोखायचे, तर खरी कार्यपद्धती कोणती, हे सांगावे लागेल : कर बक्षिसातून कापला जातो, रिझर्व्ह बँक कोणाला पैसे वाटत नाही, खासगी कंपनीला लॉटरी काढता येत नाही. ही तीन वाक्ये ज्याला ठाऊक आहेत, त्याला कोणतेही बनावट पत्र फार काळ गुंगवून ठेवू शकत नाही.

बँकांनाही आपली भूमिका तपासावी लागेल. वर्षानुवर्षे शांत असलेल्या ज्येष्ठ नागरिकाच्या खात्यातून दोन दिवसांत तीन अनोळखी खात्यांकडे रक्कम जाते किंवा मुदत ठेव अचानक मोडली जाते, तेव्हा काउंटरवरील एका प्रश्नाने पुढचा अनर्थ टळू शकतो. भाडोत्री खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली विकसित केली आहे. तिचा वापर किती बँका आणि किती तत्परतेने करतात, यावर या साखळीचा सर्वांत कच्चा दुवा तुटणार की नाही, हे ठरेल.

तोपर्यंत पहिली तटबंदी घरातच उभारावी लागणार आहे. आई-वडील, आजी-आजोबा किंवा गावाकडचा एखादा नातेवाईक असा संदेश दाखवितो, तेव्हा त्याला हसण्याऐवजी शेजारी बसून तो कसा खोटा आहे, हे समजावून सांगणारा माणूस कोणत्याही यंत्रणेपेक्षा आधी मदतीला पोहोचतो. आज हसे होण्याची भीती वाटली, तर उद्या तोच नातेवाईक संदेश दाखविणार नाही, आणि त्याला विचारण्याचे ठिकाण म्हणून फक्त संदेशातला क्रमांक उरेल.